३० सप्टेंबरच्या आत: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराची इलेक्ट्रिक गाडी

२०२५च्या गणपतीत सेंट्रल जर्सीतल्या मराठी घरांमध्ये आरती झाली की प्रसादाच्या ताटांबरोबर एकच विषय फिरत होता. इलेक्ट्रिक गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सरकारी सवलत जाणार, गाडी आत्ताच घ्यायची का? घ्यायची तर विकत की लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी हप्ते भरून भाड्याने? मी इथे ओळखीच्यांचे टॅक्स रिटर्न भरतो, त्यामुळे हा प्रश्न त्या महिन्यात बऱ्याच घरांतून माझ्याकडे आला. इथे मांडलेलं कुटुंब अशा घरांमधून जुळवलेलं आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. त्यांचे आकडे गोल केलेले आहेत. कायदा, तारखा आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

नवरा आयटीत, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला, पण भारतीयांच्या रांगेत नंबर कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. बायको औषध कंपनीत, एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. प्लेन्सबरोला टाउनहाउस, खाली स्वतःचं गॅरेज. दोन गाड्यांपैकी एक जुनी सेडान, १,८०,००० मैल झालेली आणि गिअर बदलताना धक्के देणारी. आठवड्यातून तीन दिवस त्याला जर्सी सिटीला जावं लागतं, जाऊन-येऊन ९० मैल. म्हणजे वर्षाला साधारण १५,००० मैल. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्यांची घाई कुठून आली हे आधी सांगतो. ऑगस्ट २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने नव्या इलेक्ट्रिक गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंतची कर-सवलत दिली होती आणि ती २०३२च्या अखेरपर्यंत चालायची होती. ४ जुलै २०२५ला ट्रम्प यांनी सही केलेल्या वन बिग ब्यूटिफुल बिल ॲक्टने ती सात वर्षं आधीच कापली. ३० सप्टेंबर २०२५नंतर घेतलेल्या गाडीला शून्य. नव्या गाडीची, जुन्या गाडीची आणि लीजमागची, तिन्ही सवलती एकाच दिवशी बंद.

लीजमागची सवलत वेगळी होती हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. विकत घेणाऱ्याला अटी भरपूर होत्या. गाडीची शेवटची जोडणी उत्तर अमेरिकेत झालेली हवी, बॅटरीतली खनिजं आणि भाग ठरलेल्या देशांतले हवेत, एसयूव्हीची छापील किंमत ८०,००० आणि साध्या कारची ५५,००० डॉलरच्या आत हवी, पती-पत्नीचं एकत्र उत्पन्न ३,००,००० डॉलरच्या आत हवं. लीजमध्ये मात्र कायद्याच्या नजरेत गाडी घेणारी असते फायनान्स कंपनी. तिला व्यावसायिक वाहनांचं कलम लागू होतं आणि त्या कलमात जोडणीची, बॅटरीची, ग्राहकाच्या उत्पन्नाची यातली एकही अट नव्हती. म्हणून कोरियात किंवा जर्मनीत बनलेल्या गाड्या विकत घेताना एक दमडी मिळत नसे आणि त्याच गाड्या लीजवर साडेसात हजारांनी स्वस्त मिळत. फक्त ते पैसे फायनान्स कंपनीचे. ग्राहकाला ते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे तिच्या मर्जीवर.

या दोघांनी पसंत केलेली गाडी होती ह्युंदाई आयोनिक ५. तिचं २०२५चं मॉडेल जॉर्जियातल्या नव्या कारखान्यात बनू लागल्यामुळे विकत घेतली तरी पूर्ण सवलत मिळत होती. त्यांना पहिली धास्ती होती उत्पन्नाची. २०२४मध्ये दोघांचं मिळून २,९२,००० डॉलर होतं, २०२५मध्ये बोनसमुळे तीन लाख ओलांडण्याची शक्यता होती. इथे कायदा उदार होता. चालू वर्ष किंवा आदलं वर्ष, दोहोंपैकी एक मर्यादेत बसलं तरी पुरे. २०२४ बसत होतं. जुन्या इलेक्ट्रिक गाडीची ४,००० डॉलरची सवलत मात्र त्यांच्यासाठी कधीच नव्हती, कारण तिथली उत्पन्नाची मर्यादा दीड लाख.

याच कायद्याने एक नवी वजावट आणली, गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची. अमेरिकेत जोडलेल्या नव्या गाडीसाठी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज, २०२८पर्यंत. डीलरचा माणूस हे फार रंगवून सांगत होता. दोन लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ही वजावट भराभर घटत जाते. या घराला तिचा काडीचाही उपयोग नव्हता आणि हे त्यांना माझ्याकडून कळावं लागलं, याचा मला राग आहे.

आता बायकोचं म्हणणं. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "अरे, गाडी चालतेय ना? मग सरकार सवलत बंद करतंय म्हणून आपण पन्नास हजारांची वस्तू का घ्यायची?" मला तिचं म्हणणं सगळ्यांत जास्त पटलं होतं, म्हणून आम्ही आधी तेच मोजलं. पेट्रोलवाली गाडी २८ मैलांचा ॲव्हरेज देते. १५,००० मैलांना, ३.१० डॉलर गॅलनने, वर्षाला सुमारे १,६६० डॉलर. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये ३.३ मैल धरली तर साडेचार हजार युनिटं लागतात. जून २०२५मध्ये न्यू जर्सीत विजेचे दर एका फटक्यात १७ ते २० टक्के वाढले होते. त्यांच्या बिलातला दर पडत होता २२ सेंट. म्हणजे वर्षाला हजार डॉलर. बचत ६६०. त्यातून राज्याची इलेक्ट्रिक गाडीवरची वार्षिक फी वजा करायची. जुलै २०२४ला ती २५० डॉलरपासून सुरू झाली आणि दर वर्षी दहाने वाढते. उरले चारशेच्या आसपास. ऑइल बदलणं वगैरे वाचतं, पण विम्याचा हप्ता चढा येतो.

म्हणजे इंधनाच्या बचतीने गाडी फिटत नाही. गणपतीतल्या गप्पांमध्ये हा मुद्दा कुणीच काढला नव्हता. शिवाय न्यू जर्सीने इलेक्ट्रिक गाड्यांना दिलेली विक्रीकराची माफी ऑक्टोबर २०२४मध्ये अर्धी केली आणि १ जुलै २०२५पासून पूर्ण काढून टाकली. आता पुरा ६.६२५ टक्के कर. सगळे केंद्राच्या तारखेकडे डोळे लावून बसले होते आणि राज्याची तारीख गुपचूप निघून गेली होती. अठ्ठेचाळीस हजारांच्या गाडीवर हा फरक तीन हजारांच्या वर आहे.

बायकोचा प्रश्न त्याने निकाली निघाला नाही, पण मेकॅनिकने काढला. ट्रान्समिशनचं काम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. गाडी लागणार हे नक्की झालं, आणि मग इलेक्ट्रिक का नको, असं तीच म्हणाली. दोघांनाही धूर न सोडणारी गाडी मनापासून हवी होती. तेही एक कारण आहे आणि ते कुठल्या रकान्यात बसवायची गरज नाही.

विकत घेण्याचा हिशेब असा बसला. छापील किंमत ५०,०००, घासाघीस करून ४८,०००. कर ३,१८०. हा पूर्ण किमतीवर लागतो, केंद्राची सवलत वजा करून नव्हे. राज्याची फी नव्या गाडीला चार वर्षांची एकदम भरावी लागते, ती अकराशे. त्यातून साडेसात हजार गेले की ४४,८००च्या घरात. पंधरा हजार हातचे, तीस हजारांचं कर्ज पाच वर्षांचं पाच टक्क्यांनी. तीन वर्षांत व्याज सुमारे ३,३००.

तीन वर्षांनी ती गाडी किती किमतीची राहील, यावर सगळं येऊन थांबतं. २५,००० धरली तर तीन वर्षांचा खरा खर्च २३,१००. २०,००० धरली तर २८,१००. गेल्या काही वर्षांत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव ज्या वेगाने पडले ते पाहता मी दुसरा आकडाच धरायला सांगितला.

लीजचा पहिला कागद डीलरकडून आला तो असा: सहीच्या वेळी ५,००० आणि महिना ४२९, छत्तीस महिने. दिसायला गोड. मी त्यांना एकच विचारायला लावलं, फायनान्स कंपनीला मिळणाऱ्या साडेसात हजारांची ओळ यात कुठे आहे? कागदावर रिबेट म्हणून ५,००० लिहिले होते. उरलेले अडीच हजार कुठे गेले याचं नीट उत्तर मिळालं नाही. हे बेकायदा नाही, ते पैसे ग्राहकाचे नाहीतच. पण दुसऱ्या डीलरकडे त्याच गाडीला पूर्ण साडेसात हजार गाडीच्या धरलेल्या किमतीतून वजा होऊन आले आणि कागद झाला कर धरून महिना ४८९, आधी काहीच नाही. पहिल्याची बेरीज २०,४४४, दुसऱ्याची १७,६०४. हप्ता कमी असलेली लीज २,८४० डॉलरनी महाग होती. लीजमध्ये डाउन पेमेंट देऊच नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. गाडी पार्किंगमधून बाहेर काढताना ठोकली आणि विम्याने ती निकामी ठरवली, तर तो पैसा बहुधा परत येत नाही.

दुसऱ्या कागदावर नोंदणी, राज्याची फी आणि शेवटी गाडी परत करतानाचे चारशे धरून तीन वर्षांचे झाले १९,०००. विकत घेण्याच्या दोन्ही अंदाजांपेक्षा कमी. मैलांची मर्यादा वर्षाला १५,०००ची घेतली होती. दहा हजारांच्या मर्यादेवर हप्ता आणखी उतरत होता, पण पुढच्या प्रत्येक मैलाला २० सेंट. त्यांच्या प्रवासाला तीन वर्षांत ते तीन हजार झाले असते.

आता कुणी म्हणेल, मराठी माणूस तीन वर्षांसाठी गाडी घेतो कुठे? खरंय. दहा वर्षं वापरायची तर विकत घेणं वर्षाला साधारण ४,४०० पडतं आणि लीजमागून लीज ६,३००. ग्रीन कार्ड हातात असलेल्या, घराचं कर्ज अर्धं फेडलेल्या माझ्या दुसऱ्या एका ओळखीच्या घराला मी विकतच घ्यायला सांगितलं होतं. ह्युंदाई बॅटरीची हमी दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची देते. कमी फिरणाऱ्या घराला ती जवळजवळ पूर्ण पुरते. या जोडप्याला वर्षाला १५,००० मैलांनी ती सात वर्षंही पुरली नसती.

पण दहा वर्षांचा हिशेब ज्याला दहा वर्षं दिसतात त्याने करायचा. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला साठ दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी शोधायची नाहीतर बाड-बिस्तरा आवरायचा. हा विचार ऑगस्टमध्ये कोपऱ्यात होता, तो सप्टेंबरात मध्यभागी आला.

मधे पितृपक्ष. गणेश विसर्जनापाठोपाठ सुरू झाला तो २१ सप्टेंबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत. पुण्याहून त्याच्या आईचा फोन: "काहीही कर, पण पंधरवड्यात गाडी दारात आणू नकोस. दसऱ्याला आण." दसरा होता २ ऑक्टोबरला. सवलत संपत होती ३० सप्टेंबरला. दोन दिवसांनी मुहूर्त हुकत होता.

यावर खरं तर कायद्यातच वाट होती. २१ ऑगस्टला आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या कर खात्याने, खुलासा केला होता की ३० सप्टेंबरच्या आत लेखी, बंधनकारक करार झाला आणि थोडी का होईना रक्कम भरली, की गाडी 'घेतली' असं मानलं जाईल. ताबा नंतर मिळाला तरी सवलत शाबूत. जुनी गाडी बदल्यात दिली तरी ती रक्कम भरल्यासारखीच. म्हणजे विकत घेणाऱ्याला नवरात्रात करार करून दसऱ्याला गाडी घरी आणता येत होती. मात्र परत करता येण्याजोगी डिपॉझिटची पावती म्हणजे बंधनकारक करार नव्हे. त्या दिवसांत अशा पावत्या खिशात घालून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली.

लीजला ही वाट नव्हती. तिथे तारीख फायनान्स कंपनीने पाळायची असते. तिने डीलरकडून गाडी कधी घेतली यावर ग्राहकाचा ताबा नाही. सप्टेंबरच्या शेवटी जनरल मोटर्स आणि फोर्डने आपल्या फायनान्स कंपन्यांमार्फत डीलरांकडच्या गाड्यांवर आधीच रक्कम भरून ठेवायची आणि पुढेही लीजची सवलत चालू ठेवायची, अशी योजना आखली होती. सिनेटरांनी आक्षेप घेतल्यावर पुढे ऑक्टोबरात दोघांनीही ती मागे घेतली. या गोंधळात लीज दसऱ्यापर्यंत ताणणं धोक्याचं होतं.

आणि मग शुक्रवार, १९ सप्टेंबर. नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरची फी लावणारी घोषणा. रविवारपासून लागू. भारतात गेलेल्यांना कंपन्यांचे मेल गेले, मिळेल त्या विमानाने परत या. दुसऱ्या दिवशी सरकारने सांगितलं की आधीच व्हिसा असलेल्यांना ही फी नाही. पण ती एक रात्र आमच्या भागात घराघरांत कुणी झोपलं नाही. शनिवारी सकाळी त्याचा मला फोन आला, "गाडीबिडी राहू दे. काहीच नको."

मी त्याला म्हटलं, ठीक आहे, नको. पण आपण भीतीचाही हिशेब करून बघू. समज, वर्षाने परत जावं लागलं. विकत घेतलेली गाडी तेव्हा ३३,०००ला गेली तर व्याज धरून तुझे १३,००० बुडाले. २८,०००ला गेली तर १८,०००. समज, दोन वर्षांनी गेलास आणि गाडी २७,०००ला गेली, तर बुडाले वीस हजारांच्या वर. लीज असेल तर, उरलेले सगळे हप्ते भरावे लागले असं धरून, कधीही गेलास तरी १९,०००. त्याहून वाईट काही होऊ नये, एवढं करारात पाहून घ्यायचं.

त्याला वाटत होतं की परत जावं लागलं तर लीज गळ्यात अडकेल आणि विकत घेतलेली गाडी सहज मोकळी होईल. आकड्यांनी ते अर्धंच खरं ठरवलं. पहिल्या वर्षात विकत घेणं हलकं पडतं. दुसऱ्या वर्षापासून दोन्ही जवळजवळ बरोबरीत येतात आणि राहायला मिळालं तर लीज पुढे जाते. शिवाय लीजचा सर्वांत वाईट आकडा आजच माहीत असतो. विकत घेतलेल्या गाडीचा तो आकडा बाजार ठरवतो, आणि आपण साठ दिवसांत विकायला निघालेलो असू तर तो चांगला ठरवत नाही.

म्हणून करारातलं मुदतपूर्व समाप्तीचं कलम आम्ही शब्दन् शब्द वाचलं. काही करारांत उरलेले हप्ते एवढीच कमाल देणी असतात, काहींत त्यावर गाडीच्या पडलेल्या भावाचा फरकही मागतात. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का आणि केल्यावर पहिला माणूस खरोखर मोकळा होतो का, हेही विचारलं. त्यांच्या करारात उरलेल्या हप्त्यांचीच मर्यादा होती, आणि कंपनीच्या संमतीने नावबदल करता येत होता. बायकोने चोवीस महिन्यांची लीजही मागून पाहिली. हप्ता बराच चढत होता, कारण गाडीची किंमत पहिल्या दोन वर्षांतच सर्वांत जास्त उतरते. छत्तीसवर शिक्कामोर्तब झालं.

सहीच्या टेबलावर आणखी एक कागद पुढे आला. सवलत नाकारली गेली तर ७,५०० डॉलर ग्राहक भरून देईल, असा. लीजमध्ये सवलत मागणारी फायनान्स कंपनी, मिळवणारी तीच, मग जोखीम ग्राहकाची कशी? त्यांनी सही करायला ठाम नकार दिला. व्यवस्थापक आत जाऊन आला आणि कागद निमूटपणे फाइलमध्ये परत गेला. गाडी नवरात्रात, शेवटच्या आठवड्यात घरी आली. आईंना सांगितलं की दसऱ्याला तिची पूजा होईलच, शस्त्रपूजनात गाडी असतेच की. त्यांना ते पटलं.

त्या तिमाहीत अमेरिकेत ४,३८,०००च्या आसपास इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, तोवरचा उच्चांक. पुढच्या तिमाहीत विक्री जवळजवळ निम्म्यावर आली.

थांबले असते तर? १ ऑक्टोबरलाच ह्युंदाईने २०२६च्या आयोनिक ५च्या किमती ९,८०० डॉलरपर्यंत उतरवल्या आणि २०२५च्या मॉडेलवर स्वतःच्या खिशातून ७,५०० देऊ केले. म्हणजे या एका गाडीपुरती ३० सप्टेंबरची धास्ती अनाठायी होती, पण सप्टेंबरात हे कुणाला दिसत नव्हतं आणि सगळ्या कंपन्यांनी तसं केलंही नाही. टेस्लाने त्याच दिवशी लीजचे दर वाढवले, मग आठवडाभरात मॉडेल वायची कमी सोयींची आवृत्ती ३९,९९० डॉलरला आणली. नव्या गाडीची किंमत अशी उतरली की जुनीचा भाव आपोआप पडतो. सप्टेंबरात विकत घेतलेल्यांना ती झळ सोसावी लागणार. आमच्या जोडप्याच्या करारात तीन वर्षांनंतरची किंमत आधीच लिहिलेली आहे, त्यामुळे ती फायनान्स कंपनीच्या पदरी. गाडी आवडली आणि तेव्हा बाजारभाव त्या आकड्याच्या खाली असेल तर लिहिलेल्या किमतीला घ्यायची नाही, परत करायची आणि तशीच जुनी बाहेरून स्वस्तात शोधायची, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.

घरच्या चार्जरवरची केंद्राची सवलत, खर्चाच्या ३० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० डॉलर, ३० जून २०२६पर्यंत बसवलेल्या चार्जरसाठी ठेवली होती. पण ती फक्त कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी जनगणना विभागांत. प्लेन्सबरोचा त्यांचा पत्ता त्यात बसला नाही, म्हणून तो खर्च पूर्ण त्यांचाच.

रिटर्नमध्ये लीजवाल्यांना या गाडीसाठी काहीच भरायचं नसतं. ज्यांनी विकत घेतली आणि सवलत डीलरकडेच वळवून किमतीतून कापून घेतली, त्यांनी मात्र २०२५च्या रिटर्नबरोबर फॉर्म ८९३६ गाडीच्या व्हीआयएन या ओळख क्रमांकासह जोडायचाच असतो. डीलरने आयआरएसला पाठवलेल्या विक्री-अहवालाची प्रत हातात नसेल तर ती आधी मागून घ्यावी. आणि उत्पन्न दोन्ही वर्षी मर्यादेबाहेर गेलं असेल तर कापून घेतलेले साडेसात हजार त्याच रिटर्नमध्ये परत करावे लागतात.